पाठपोट

दिवाळी अंकाचं काम गणपतीत हातात येतं आणि नवरात्रात अंगावर येतं. यंदाही तसंच झालं. रात्रीचे साडेअकरा, एका कथेचं दुसरं प्रूफ, पान २७. लेखकाचं अनुस्वाराशी जुनं वैर असावं, त्यामुळे चाळीस मिनिटांत जेमतेम सहा पानं झाली होती. पाठ आखडली म्हणून उठायचं ठरवलं. उठण्याआधी सेव्ह करावं म्हणून फाईलचा मेनू उघडला आणि रीलोडवर क्लिक केलं.

प्रोग्रामने विचारलं होतं, नाही असं नाही. केलेले बदल जातील, चालेल ना, अशा अर्थाची एक चौकट आली होती. पण रात्री साडेअकराला आलेल्या चौकटीला माणूस एंटरच मारतो. पान क्षणभर पांढरं झालं आणि परत आलं तेव्हा सहा पानांचे सगळे अनुस्वार पुन्हा लेखकाच्या मर्जीप्रमाणे झाले होते. शेवटचा दुरुस्त केलेला शब्द अजून डोळ्यांसमोर होता. ‘रग’चा मी नुकताच ‘रंग’ केला होता. तो परत ‘रग’ होऊन बसला होता.

कंट्रोल-एस का नाही दाबलं, असं विचारणारे विचारतील. घरातही विचारून झालं आहे. मला ते जमत नाही. जे करायचं ते आधी डोळ्यांनी वाचायचं आणि मग करायचं, ही सवय आहे, आणि याच सवयीवर माझं पोट चालतं.

सकाळी डोकं थंड झाल्यावर चहाचा कप घेऊन तोच मेनू पुन्हा उघडला. या वेळी काही निवडायचं नाही, नुसतं बघायचं. मेनू पानावर उघडला होता आणि मेनूच्या आतून पान दिसत होतं. पुसट, पण वाचता येईल इतपत. मेनूतल्या ओळींमधलं अंतर आणि माझ्या पानावरच्या ओळींमधलं अंतर जवळजवळ सारखं होतं. जवळजवळ, पण तंतोतंत नाही. त्यामुळे वरच्या बाजूला दोन इंग्रजी शब्दांच्या फटीत एकेक मराठी ओळ व्यवस्थित बसली होती, शाळेच्या भाषांतरमालेत असायची तशी. खाली येता येता तो केसभराचा फरक साठत गेला आणि सेव्हपाशी पोचेपर्यंत मराठी ओळ थेट इंग्रजी शब्दावर चढली. देवनागरीला शिरोरेषा असते. ती शिरोरेषा सेव्ह या शब्दाच्या बरोब्बर पोटातून गेली होती.

प्रूफ वाचणाऱ्याला शब्दाच्या पोटातून गेलेली आडवी रेघ दिसली की तिचा एकच अर्थ होतो: हा शब्द काढा. तीस वर्षांची सवय. माझ्या डोळ्यांनी सेव्ह हा शब्द मेनूतून काढून टाकला होता आणि जवळचा, रेघ न गेलेला, शाबूत शब्द निवडला होता. माझ्या कामात मी चोख होते, असंच म्हणायला हवं.

हा काचेचा मेनू माझ्याकडे आला कसा, ती गोष्ट साधी आहे. दोन वर्षांपूर्वी माझा जुना लॅपटॉप इतका मंदावला की तो सुरू करून दूध तापवून यायला वेळ मिळायचा. भाचा सुट्टीला आला होता, त्याने त्यावर लिनक्स घातलं आणि एक्सएफसीई नावाचा हलकासा डेस्कटॉप बसवला. लॅपटॉप पोरासारखा धावायला लागला. जाता जाता त्याने काहीतरी सरकवलं आणि म्हणाला, “मावशी, आता बघ कसा ग्लास लुक आला!” मी बघितलं आणि मलाही आवडलं. हे कबूल करायला हवं, नाहीतर पुढचं सगळं लिहिणं खोटं ठरेल. मागे डोंगराचं चित्र, त्यावर उघडलेला मेनू, मेनूतून दिसणारं निळसर धुकं. २००७ साली एका सहकारी बाईंच्या नव्या लॅपटॉपवर विंडोज व्हिस्टा बघितला होता. खिडक्यांच्या कडा काचेच्या, त्यातून मागची खिडकी अंधुक दिसते आहे. त्या दिवशी आम्ही तिघीजणी काम सोडून खिडक्या इकडून तिकडे सरकवत बसलो होतो. तेव्हा माझे डोळे तिशीतले होते.

आता चाळिशी लागून बरीच वर्षं झाली. मराठीने या चष्म्याला वयाचंच नाव देऊन टाकलं आहे, त्यामुळे लपवायचीही सोय नाही. म्हणून आधी संशय स्वतःवरच आला. नंबर वाढला असेल. चष्मेवाल्याकडे जाऊन आले, नंबर तोच निघाला. त्यांच्या तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ मी घडाघडा वाचली. अर्थात तो तक्ता पांढऱ्यावर काळा असतो आणि त्यावरच्या अक्षरांच्या मागे दुसरी अक्षरं नसतात. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं दिसेनासं होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. फिक्या-गडदातला फरक ओळखण्याची ताकदही त्याच सुमारास हळूहळू ओसरते. ती त्या तक्त्यावर कळत नाही, मेनूवर कळते.

मग मेनूचा फॉन्ट मोठा करून बघितला. त्याने एवढंच झालं की ओळींमधलं अंतर बदललं, आणि शिरोरेषा सेव्हला सोडून प्रिंटच्या पोटातून जायला लागली. थीम बदलली. काळी थीम घेतली तर मेनूची जमीन राखाडी झाली आणि मागची अक्षरं तिच्यात काळीकुट्ट उठून दिसायला लागली, म्हणून परत पांढरी घेतली. भिंतीवरचं डोंगराचं चित्र काढून सपाट करडा रंग लावला. डेस्कटॉपवरचा मेनू लख्ख झाला, पण माझं काम डेस्कटॉपवर नसतं, पानावर असतं. शेवटी भाच्याला फोन लावला. तो बंगळुरूला असतो आणि सकाळी अकराच्या आत फोन उचलत नाही.

“अगं मावशी, त्यात काय! कंपोझिटर बंद कर की सरळ.”

मी त्या शब्दापाशीच थांबले. तो पुढे काय काय सांगत होता ते ऐकलंच नाही.

माझे वडील, अण्णा, कंपोझिटर होते. साताऱ्यात एका बोळातल्या छापखान्यात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, समोर तिरप्या उभ्या केलेल्या केस, प्रत्येक केसमध्ये लहान लहान खण आणि प्रत्येक खणात एकेका अक्षराचे खिळे. इंग्रजीचं बरं, दोन केसमध्ये भागतं. देवनागरीला शेकडो प्रकारचे खिळे लागतात: साधी अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा, रफार. अण्णा खणाकडे बघायचे नाहीत. नजर हस्तलिखितावर, उजवा हात आपला आपण फिरतोय आणि स्टिकमध्ये टक्‌टक्‌ खिळे पडतायत. ओळ उलटी, आरशातल्यासारखी. ती त्यांना सुलटी वाचता यायची. मला ते फार नवल वाटायचं, कारण शाळेत मला सुलटं वाचायलाही वेळ लागायचा.

सुट्टीत मी छापखान्यात जाऊन बसायची. माझं काम, छपाई झाली की खिळे सुटे करून आपापल्या खणात टाकणं. हात काळे व्हायचे आणि शिशाचे हात तोंडाला लावू नकोस म्हणून अण्णा दर पाच मिनिटांनी ओरडायचे. त्या कामात एक गोष्ट हातांनाच कळली, कुणी शिकवली नाही. खिळ्याला अंग असतं. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचं ते अंग आहे आणि जिथे एक खिळा उभा आहे तिथे दुसरा उभा राहूच शकत नाही. दोन शब्दांच्या मधली मोकळी जागासुद्धा मोकळी नसते, तिथेही बुटका कोरा खिळा घालावा लागतो. ओळींमधल्या मोकळ्या जागेत शिशाच्या पट्ट्या असतात. म्हणजे पानावर जे रिकामं दिसतं तेही भरीवच. काही खिळ्यांचा अनुस्वार अंगाबाहेर डोकवायचा, तो शेजाऱ्याच्या धक्क्याने मोडायचा. अण्णांचं सगळं शहाणपण या शेजाऱ्यांच्या भांडणात कोण कुठे उभा राहील हे ठरवण्यात होतं. एका जागी दोघं, ही अडचण त्यांच्यापुढे कधी आलीच नाही. येऊच शकत नव्हती.

आणि संगणकातला कंपोझिटर नेमकं तेवढंच करतो: एका जागी दोघांना उभं करतो.

भाच्याने मग सावकाश समजावलं. पूर्वी प्रत्येक खिडकी स्वतःला थेट पडद्यावर रंगवायची. वरची खिडकी आली की खालची तेवढी पुसली जायची. कंपोझिटर आल्यावर प्रत्येक खिडकी पडद्याआड आपापल्या कागदावर रंगते आणि हा गृहस्थ ते सगळे कागद एकावर एक ठेवून एकच चित्र करून पडद्यावर लावतो. कुठला कागद किती झिरझिरीत ठेवायचा, हे तोच ठरवतो. या झिरझिरीतपणाच्या मापाला अल्फा म्हणतात. १९७०च्या दशकाच्या अखेरीस एड कॅटमल आणि अल्व्ही रे स्मिथ या दोघांनी न्यूयॉर्कमध्ये काम करताना चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला हा चौथा आकडा दिला. मग १९८४मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एका चित्रावर दुसरं चित्र ठेवण्याचं सगळं गणित एका निबंधात मांडलं. ते सिनेमासाठी होतं. त्याच १९८४च्या जानेवारीत ॲपलचा पहिला मॅकिंटॉश संगणक बाजारात आला होता. त्याच्या पडद्यावर ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा. त्याचा मेनू उघडला की मागचं सगळं झाकलं जायचं. अण्णांना तो मेनू पटला असता.

हे गणित मी कागदावर करून बघितलं, कारण मला आकड्यांशिवाय चैन पडत नाही. संगणक पांढऱ्याला २५५ म्हणतो, काळ्याला ०. भाच्याच्या आठवणीप्रमाणे त्याने मेनू साठ टक्क्यांवर ठेवला होता. म्हणजे प्रत्येक ठिपक्यात मेनूचे साठ टक्के आणि मागच्याचे चाळीस टक्के. पांढऱ्या पानावर मेनूची पांढरी जमीन आली तर २५५, म्हणजे पांढरीच. मागचं काळं मराठी अक्षर या पांढऱ्या जमिनीतून दिसतं ते १५३ होऊन, मध्यम राखाडी. इथपर्यंत मी धरूनच चालले होते. पण एक्सएफसीईचा कंपोझिटर मेनूची नुसती जमीन पातळ करत नाही, अख्खा मेनूच पातळ करतो, अक्षरांसकट. मेनूचं काळं अक्षर पांढऱ्या पानावर १०२ होतं, म्हणजे तेही राखाडी. मागचं वर येतं, पुढचं मागे जातं, आणि दोघं मधे कुठेतरी भेटतात. जिथे दोन्ही अक्षरं एकमेकांवर पडतात तिथे मात्र शून्य, काळंकुट्ट. सबंध मेनूत सगळ्यात ठळक काय, तर टक्कर झालेली जागा.

गंमत अशी की नियमाप्रमाणे हा मेनू पास होतो. वेबवरचा मजकूर सगळ्यांना वाचता यावा म्हणून डब्ल्यूसीएजी नावाची नियमावली आहे. तिच्यात अक्षर आणि जमीन यांच्यातला फरक किमान ४.५ ला १ असावा असं सांगितलं आहे. काळ्यावर पांढरं असेल तर तो २१ ला १ येतो. माझ्या मेनूतलं १०२चं अक्षर पांढऱ्यावर मोजलं तर ५.७ येतो. उत्तीर्ण. मागून दिसणाऱ्या अक्षराच्या भुताचा साधारण २.८, म्हणजे नापास, आणि भुताने नापासच व्हायला हवं. कागदोपत्री सगळं ठीक. पण हे माप अक्षर जमिनीपासून सुटं दिसतं का, एवढंच विचारतं. जमिनीतच आणखी एक अक्षर राहत असेल तर काय, हे विचारत नाही. मागे डोंगर असता तर २.८ने काही बिघडलं नसतं. मागे मराठी होतं. वाचता येणारं काहीही दिसलं की डोळा ते वाचतोच, त्याला न वाचण्याचा पर्याय नसतो. माझ्या धंद्यात तर नाहीच.

छापखान्यात या भुताला जागा होती, पण ती कागदाच्या मागे. पाठपोट छपाई केली की पाठीमागची अक्षरं पुढच्या बाजूने थोडी दिसतातच. कागद पातळ असेल तर जास्त. कागदाचा व्यापारी ज्या गुणांबद्दल जादा पैसे घेतो त्यात मागचं न दिसू देणं हा एक गुण असतो, आणि त्याचं नाव ओपॅसिटी. ६० जीएसएम वजनाचा मॅप्लिथो कागद घ्यायचा का ७०चा, यावरून संपादक आणि प्रकाशक यांच्यात जी घासाघीस चालते ती निम्मी याच भुतावरून असते. कवितासंग्रहाला जाड कागद लागतो तो उगीच नाही. कवितेत पानावर मोकळी जागा जास्त, म्हणून मागचं दिसायला जागा जास्त. आणि कागद बदलणं परवडत नसेल तर मशीनवाले आणखी एक करतात. पाठीची ओळ पोटाच्या ओळीच्या नेमकी मागे येईल असा मेळ बसवतात. म्हणजे मागचं अक्षर पुढच्या अक्षराआड लपतं आणि ओळींमधली पांढरी जागा पांढरी राहते. पान उजेडात धरून तो मेळ तपासणं हे अण्णांचं आवडतं काम होतं. दुकानातून आलेली लग्नपत्रिकासुद्धा ते आधी उजेडात धरायचे, मुहूर्त नंतर.

शतकानुशतकं छापणाऱ्यांनी जे लपवायला पैसे मोजले, ते संगणकवाल्यांनी मुद्दाम कष्ट करून दाखवायला घेतलं. हे मला अजून पूर्णपणे उलगडलेलं नाही. २००० साली स्टीव्ह जॉब्सने मॅक ओएस टेनचा नवा चेहरा दाखवला तेव्हा त्यातली बटणं बघून ती चाटाविशी वाटावीत असा आमचा हेतू होता, असं तो म्हणाला होता. मेनूही अर्धपारदर्शक होते. २००७च्या ऑक्टोबरात मॅकची लेपर्ड ही आवृत्ती आली, त्यात वरची मेनूची पट्टीही पारदर्शक झाली. लोकांनी इतकी कुरकुर केली की पुढच्या फेब्रुवारीतल्या दुरुस्तीत ती पारदर्शकता बंद करायची खूण द्यावी लागली. विंडोजने व्हिस्टात काच आणली, २०१२मध्ये विंडोज आठमध्ये काढून टाकली आणि २०१७पासून दुसऱ्या नावाने पुन्हा आणायला सुरुवात केली. २०२५च्या जूनमध्ये ॲपलने लिक्विड ग्लास जाहीर केलं, सगळीकडे ओली काच. वाचता येत नाही अशी ओरड झाली आणि नोव्हेंबरात रंगाची झाक वाढवायचा पर्याय आला. काच येते, कुरकुर होते, एक खूण वाढते. काही वर्षांनी नव्या माणसांच्या हातात पुन्हा काच येते. ती नवी माणसं बहुधा तिशीतली असतात. आपल्याकडे पारदर्शक हा शब्द इतकी वर्षं कारभाराला लावून झाला आहे की तो वाईट असू शकतो हे सांगणंच अवघड. पण मेनूच्या बाबतीत सांगते. लग्नात अंतरपाट धरतात तो झिरझिरीत असून चालेल का? मंगलाष्टकं संपेपर्यंत त्याने झाकायचं असतं, मग बाजूला व्हायचं असतं. मेनूचं आयुष्य तर त्याहून लहान.

काच वाचनीय करायच्या युक्त्या नाहीत असं नाही. रिक्षाच्या मागच्या काचेवर रेडियमवाला ‘आईचा आशीर्वाद’ लिहितो ते बघा. लाल अक्षराला तो पांढरी किनार सोडतो, कारण काचेच्या मागे कधी अंधार असेल, कधी पिवळी सीट, कधी तिघांची डोकी. मागे काय येणार हे आपल्या हातात नाही, म्हणून अक्षराने आपली जमीन आपल्याबरोबर घेऊन फिरायचं. व्हिस्टात खिडकीच्या काचेच्या पट्टीवरच्या नावामागे पांढुरकं तेज असायचं ते याचसाठी. तेव्हा आम्हा तिघींना ती सजावट वाटली होती, तो खरं तर टेकू होता.

दुसरी युक्ती दुधी काचेची. न्हाणीघराला आपण साधी काच लावत नाही. दुधी काचेतून उजेड येतो, रंग येतो, कुणीतरी हललं हेही कळतं, पण कोण ते कळत नाही. भाच्याच्या फोनवरचे मेनू मला का त्रास देत नाहीत ते यावरून लक्षात आलं. त्यात मागचं धूसर केलेलं असतं. अक्षर म्हणजे कडा. कडा विरघळल्या की अक्षर उरत नाही, नुसता रंगाचा डाग उरतो, आणि डाग कुणी वाचत नाही. मॅक, विंडोज, लिनक्सवरचाच दुसरा डेस्कटॉप केडीई, हे सगळे असं धूसर करतात. एक्सएफसीईचा कंपोझिटर करत नाही. धूसर करायला प्रत्येक ठिपक्यासाठी त्याच्या शेजारपाजाऱ्यांचा हिशेब करावा लागतो आणि हा डेस्कटॉप तर कमी खातो म्हणूनच माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपला दिला होता. म्हणजे मला मिळाली होती ती साधी, स्वच्छ, आरपार काच. न्हाणीघराला.

तर दुरुस्ती. कंपोझिटर अख्खा बंद करायचा भाच्याचा सल्ला मी मानून बघितला. मेनू ठणठणीत झाला, पण खिडक्यांच्या सावल्या गेल्या आणि व्हिडिओ बघताना चित्र मधेच आडवं फाटल्यासारखं दिसायला लागलं. सावली गेल्याचं मला वाईट वाटलं. मेनूच्या कडेची ती पुसट सावली ‘मी वर आहे’ एवढं एकच सांगते आणि त्यासाठी कुणाला आरपार बघायला लावत नाही. म्हणून कंपोझिटर पुन्हा चालू केला आणि त्याच्या खोलीत जाऊन बघितलं: सेटिंग्ज, त्यात विंडो मॅनेजर ट्वीक्स, त्यात अगदी शेवटी कंपोझिटर. तिथे पाच-सहा आडव्या सरकपट्ट्या एकाखाली एक आहेत. खिडकीच्या चौकटीसाठी एक, मागे पडलेल्या खिडकीसाठी एक, खिडकी हलवताना एक. त्यातली पॉपअप विंडोजची पट्टी तेवढी डावीकडे ओढलेली होती. डाव्या टोकाला लिहिलंय ट्रान्सपरंट, उजव्या टोकाला ओपेक. कागदवाल्याचा शब्द.

ती उजवीकडे ओढत नेली. टोकाच्या अलीकडे क्षणभर थांबले, थोडीशी काच ठेवावी का म्हणून. ऐंशी टक्क्यांवर गणित बरंच बरं येतं: मागचं भूत २०४, पुढचं अक्षर ५१. पण मग आठवलं की अनुस्वार म्हणजे पडद्यावर दोन-तीन ठिपके, आणि दोन-तीन ठिपक्यांच्या भुताला २०४सुद्धा पुरतं. शेवटपर्यंत ओढली.

हे कळल्यापासून मी जिथे जाईन तिथे लोकांचे मेनू बघायला लागले आहे, अण्णा लग्नपत्रिका बघायचे तसे. शेजारच्या काकूंच्या विंडोजवर ॲक्सेसिबिलिटीत व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स बंद केले. त्या म्हणाल्या, “अगं, हे तर नवीनच दिसायला लागलं.” मैत्रिणीच्या मॅकवर ॲक्सेसिबिलिटीत डिस्प्लेखाली रिड्यूस ट्रान्सपरन्सी सापडलं. केडीई वापरणारा एक तरुण कवी आहे, त्याला ब्रीझ या त्याच्या थीमच्या सेटिंगमध्ये मेनूचा झिरझिरीतपणा कमी करायची पट्टी आहे हे सांगितलं, पण त्याने नको म्हटलं. तो सव्वीस वर्षांचा आहे. एक मात्र खटकतं. विंडोजवर काय आणि मॅकवर काय, ही सोय ठेवली आहे अपंगत्वाच्या खणात. नीट वाचता यावं ही मागणी कुठल्या खणात टाकायची, याचा निर्णय कुठल्यातरी कंपोझिटरने केलेला असणार.

ती सहा पानं मी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना लेखकाबद्दलचा राग संपलेला असतो, त्यामुळे चुका जास्त सापडल्या. अंक वेळेवर गेला. छापून आला तो वसुबारसेच्या दिवशी. मी नेहमीप्रमाणे शाईचा वास घेतला, नेहमीप्रमाणे पहिली चूक शोधायला बसले, आणि ती पान २७वर होती. ‘रग’. दुसऱ्या फेरीत बाकी सगळं धरलं होतं आणि तो एक शब्द, जो मी एकदा दुरुस्त केला होता हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच तो नजरेआड झाला होता.

प्रकाशकांनी या वर्षी कागद पातळ घेतला आहे. खिडकीशी जाऊन पान उजेडात धरलं. मागच्या, पान २८वरच्या एका ‘त्यां’चा अनुस्वार पुढे आरपार दिसतो. ‘रग’मधल्या र वर तो बसला असता तर काम झालं असतं. पण मेळ काही अण्णांच्या हातचा नाही, तो टिंब कानाभर उजवीकडे, ग वर येतो.